भरवसा आणि तक्रार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयावर लिहायची वेळ आली की आपले समीक्षक दोनच खुंट्या शोधतात. एक फादर स्टीफन्स, दुसरे रेव्हरंड टिळक. पहिल्याचं १६१६ सालचं ख्रिस्तपुराण काढायचं आणि परदेशी माणसानं मराठीवर केवढी माया केली म्हणून गहिवरायचं. दुसऱ्याच्या अभंगांत तुकाराम हुडकायचा. जाता जाता 'स्मृतिचित्रे'वर दोन परिच्छेद लिहायचे की झाला लेख. या लेखांतून संकटात देवावर ठेवलेल्या भरवशाचे गोडवे फार असतात. पण भरवसा ठेवणारा माणूस कोण, त्याचं घर गावात की गावकुसाबाहेर, त्याच्या कणगीत दाणे किती, हे कुणी विचारत नाही. जसं काही भरवशाला जातच नसते.

मला तेवढंच विचारायचंय. ज्याला लाथ बसते तो 'देवावर माझा भरवसा आहे' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय? आणि लाथ बघणारा त्याला 'देवावर भरवसा ठेव' म्हणतो तेव्हा काय? शब्द तेच. पण एकाच्या तोंडी तो जगण्याचा हट्ट आहे, दुसऱ्याच्या तोंडी तो तोंड बंद करायचा बोळा आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयानं हे दोन अर्थ वेगळे केले नाहीत, आणि त्याच्या समीक्षेनं तर ते वेगळे असतात हेच मानलं नाही, अशी माझी तक्रार आहे.

मी राहतो माकुणसारला, पालघर तालुक्यात, सफाळे-केळव्याच्या बाजूला. आमच्या या पट्ट्यात ख्रिस्ती म्हटलं की वसईचा बागायतदार नाहीतर किनाऱ्यावरचा कोळी डोळ्यापुढं येतो. १७३९ साली चिमाजीअप्पानं वसई घेतली त्याच्या आधीचा, फिरंग्यांच्या अमदानीतला तो ख्रिस्ती. त्याला जमीन आहे, होडी आहे, देऊळ आहे. त्याचं 'सुवार्ता' मासिक आहे, त्याचे फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याचं चांगलं होवो. पण महारामांगातला ख्रिस्ती मला इथं भेटला नाही. तो भेटला आईच्या माहेरी, नगर जिल्ह्यात. तिथं १८३१ पासून अमेरिकन मिशन, आणि मिशनच्या मागं आलेले बहुतेक लोक आपलेच. आईच्या आज्याला दोन मुलगे. थोरल्याचं घर ख्रिस्ती झालं, धाकट्याचं १९५६ नंतर बौद्ध. धाकट्याची लेक ती माझी आई. म्हणजे एकाच रक्ताची दोन घरं, एकात बाबासाहेबांचा फोटो, दुसऱ्यात क्रूस. या लेखाचं कारण तिथं आहे.

आता वाङ्मयाकडं येऊ.

नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. कोकणातले चित्पावन. माणूस मोठा, मनाचा उदार. जातीवर त्यांनी कोरडे ओढले, मिशनऱ्यांची साहेबीही त्यांना सोसली नाही. शेवटी १९१७ ला साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढून ते वेगळे झाले. त्यांच्या अभंगांतला भरवसा खरा आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण तो भरवसा कशातून आला ते बघा. त्यांनी सोडलं. जात सोडली, मान सोडला, नातेवाईक सोडले, खिशात आलेला पैसा भेटेल त्याला देऊन सोडला. ज्याच्याकडं सोडायला काही असतं त्याच्या भरवशाला त्याग म्हणतात, आणि त्यागाचं वाङ्मय आपल्याकडं ताबडतोब थोर ठरतं. महार ख्रिस्ती झाला तेव्हा त्यानं काय सोडलं? येसकरकी, मेलेलं ढोर, दारोदारची भाकर. त्याला कुणी त्याग म्हटलं नाही. त्याला म्हणाले, पोटासाठी बाटला.

बरं, पोटासाठी तर पोटासाठी! येशूनं शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात आजच्या दिवसाची भाकर मागितलीय. बापाकडं भाकर मागणं हा त्या धर्मात गुन्हा नाही. गुन्हा ठरवला तो भरल्या ताटावर बसलेल्या लोकांनी.

टिळकांच्या भरवशाची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंनी दाखवली. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत निघालं. समीक्षकांना त्यातला विनोद दिसतो. मला त्यात घराचा हिशेब दिसतो. नवरा देवावर भार टाकून मोकळा, आणि चूल पेटवायची ती हिनं. ती भांडते. नवऱ्याशी भांडते, धर्म बदलला म्हणून रडते, काही वर्षं वेगळी राहते, मग स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या डोक्यानं त्या धर्मात येते. आपलं सोवळं कसं गळत गेलं ते लपवून न ठेवता सांगते. इथं भरवसा आहे, पण तो गप्प बसलेला नाही. टिळकांच्या अभंगांपेक्षा मला हा गद्य भरवसा जवळचा वाटतो. कारण आमच्या आयांचाही भरवसा असाच, पदर खोचून भांडणारा.

तिसरं नाव पंडिता रमाबाई. इथं तर हा प्रश्न उघडाच पडतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. शास्त्री घराणं. तीर्थं केली, पुराणं सांगितली, होतं ते दानात घातलं, आणि १८७४ च्या सुमाराला दक्षिणेकडच्या दुष्काळात आईबाप उपाशी गेले. अंगमेहनतीचं काम करायची त्या घराला सवयच नव्हती, हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. देव देईल म्हणून बसणं म्हणजे काय ते या बाईनं आईबापाच्या मरणात पाहिलं. पुढं ती ख्रिस्ती झाली तेव्हा तिचा भरवसा कसला झाला? पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी-बाया घेऊन आली, १९०० साली गुजरातच्या आणल्या. शारदासदनात आधी ब्राह्मण विधवांसाठी सोवळ्याची सोय होती. केडगावच्या मुक्तीत सगळ्या जातीच्या बाया आल्या. त्यांना विणायला शिकवलं, तेल गाळायला शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं. साध्या बाईला कळेल असं बायबल मराठीत आणायला ती मरेपर्यंत खपली. १९२१ ला मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलात ती स्वतः गेली, आणि १९२४ ला ते बायबल त्याच छापखान्यातून बाहेर पडलं. देवावर भरवसा आहे म्हणणाऱ्या या बाईच्या हातात पहार होती. चर्चमध्ये तिच्या प्रार्थनेच्या गोष्टी भरपूर सांगतात. पहारीचं कुणी बोलत नाही.

पण मित्रांनो, ही तिन्ही नावं ब्राह्मण घरातली. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा मांडव उभा आहे तो या तीन खांबांवर. मांडवात बसलेले लोक मात्र बहुतेक महार आणि मांग. त्यांचा आवाज कुठाय? संकटात त्यांनी देवाला काय म्हटलं?

म्हटलंय. आणि टिळकांचा जन्म व्हायच्या आधी म्हटलंय. १८५५ साली.

मुक्ता साळवे. मांगाची पोर. वय चौदा. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. मांगमहारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध त्या वर्षी १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापला गेला. 'ज्ञानोदय' म्हणजे १८४२ पासून निघणारं, याच अमेरिकन मिशनचं पत्र. पुढं १९१२ पासून टिळकांनी ज्याचं संपादन केलं तेच. आपण हा निबंध दलित साहित्याचा पहिला हुंकार म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. पण तो देवाशी बोललेला मजकूर आहे, हे आपणही विसरतो आणि ख्रिस्तीही विसरतात.

पोरगी काय करते बघा. ती देवाला हाक मारते आणि सरळ प्रश्न टाकते. वेद ब्राह्मणांचेच असतील, आम्हांला ते बघायचीही बंदी असेल, तर मग आमचा धर्म कोणता ते तू सांग. ज्या धर्मात एकानं भोगायचं आणि बाकीच्यांनी तोंड बघत बसायचं तो धर्म पृथ्वीवरून जावो, असं मागते. मग पुरावे देते. पेशवाईत मांगमहारांची डोकी कशी उडवली, इमारतीच्या पायात माणसं कशी गाडली, बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर कसं नव्हतं. आणि शेवटी आपल्याच लोकांकडं वळून सांगते, शिका, ज्ञानाचं औषध घ्या.

हा फिर्यादीचा अर्ज आहे. त्यात अर्जदार आहे, आरोपी आहे, पुरावा आहे, आणि वर न्याय देणारा कुणीतरी आहे असं गृहीत धरलंय. ते गृहीत धरणं हाच तिचा भरवसा. ऐकणारा कुणी नाहीच अशी खात्री असती तर तिनं देवाचं नाव काढलं नसतं. माणूस तक्रार त्याच्याकडंच नेतो ज्याच्याकडून न्यायाची आशा असते. म्हणून मी म्हणतो, लाथ खाणाऱ्याच्या तोंडी भरवसा आणि तक्रार या दोन गोष्टी नाहीतच. आणि ज्या भरवशातून तक्रार काढून घेतली त्यात मागं उरते ती ताबेदारी.

कुणी म्हणेल, ही तुझी दलित पंथरछाप मखलाशी, ख्रिस्ती श्रद्धेत असलं काही नसतं. मग बायबल उघडा. रमाबाईचं उघडा नाहीतर दुसरं कुठलं. ईयोबाचं पुस्तक काढा. ईयोबाची पोरं मेली, ढोरं गेली, अंगभर गळवं उठली. मित्र आले. आठवडाभर गप्प बसले तोवर ठीक होते. मग लागले सांगायला, तुझंच काहीतरी चुकलं असेल, देव अन्याय करत नाही, नमतं घे. ईयोब नमत नाही. मला देवासमोर उभं करा, मी माझी बाजू मांडतो, म्हणतो. आणि शेवटी देव बोलतो तेव्हा? ईयोबाला चार शब्द ऐकवतो खरे, पण रागावतो मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असा निकाल देतो. म्हणजे देवाची वकिली करणारे हरले आणि देवावर फिर्याद करणारा जिंकला. एवढं मोठं पुस्तक हातात असताना आमच्या लोकांना प्रवचनं मात्र मित्रांची ऐकवली.

टिळक तुकारामाच्या वाटेनं ख्रिस्ताकडं गेले असं मोठ्या कौतुकानं सांगतात. चोखोबाच्या वाटेनं कुणी गेलं असतं तर? विठ्ठलाच्या दारात उभा राहून, आत न जाता, त्यालाच जाब विचारणारा चोखामेळा, आणि त्याच्याहून कडवट बोलणारा त्याचा पोरगा कर्ममेळा. त्या वाटेनं गेलं असतं तर मराठी ख्रिस्ती अभंग वेगळा झाला असता.

आता त्या दोन घरांची गोष्ट सांगतो. ती खाजगी वाटेल, पण ती कायद्याची आहे.

१९५० साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा धरायचा नाही असं त्याच्या तिसऱ्या कलमात आलं. १९५६ ला शिखांसाठी दार उघडलं. बौद्धांसाठी उघडायला १९९० उजाडलं. महाराष्ट्रानं आपल्या पुरत्या सवलती १९६० पासून दिल्या होत्या म्हणून आम्ही तगलो. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांसाठी ते दार बंदच राहिलं. १९८५ साली सुसाई नावाच्या मद्रासच्या चांभाराच्या खटल्याचा सुप्रीम कोर्टात निकाल लागला. फुटपाथवर बसून जोडे शिवणारा माणूस. सरकारी टपरी इतर चांभारांना मिळाली, याला नाही, कारण हा ख्रिस्ती. कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावरही तेवढाच छळ होतो याचा पुरावा आणा. २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगाचा अहवाल आला, धर्माची अट काढा म्हणाला. २०२२ ला पुन्हा बालकृष्णन आयोग नेमला.

या सगळ्याचा आमच्या घरात अर्थ असा झाला की एकाच पणज्याची आम्ही दोन पोरं. मला फी माफ, वसतिगृह, दाखला. मामेभावाला अनुसूचित जातीचा दाखला नाही. इतर मागास म्हणून जे तुकडं मिळेल तेवढंच. गावात त्याला शिवी पडायची ती मात्र जुन्या जातीवरूनच. शिवी देणारा थांबून विचारत नव्हता, तुझा बाप्तिस्मा झालाय का? आणि तक्रार करायला गेला तर ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा त्याच्यासाठी नव्हता, कारण कागदावर तो अनुसूचित जातीचाच नव्हता.

त्यांच्या धर्मगुरूनं मामीला सांगितलं, देवावर भरवसा ठेवा, त्याची वेळ येते. मामी 'आमेन' म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत गेली. परत पाठवलं, पुन्हा गेली. शिक्का नाही, फॉर्म जुना, साहेब दौऱ्यावर. ती जातच राहिली. मी तिला विचारलं, "मामी, एवढा भरवसा हाय तर हेलपाटं कशाला घालती?" ती म्हणाली, "आरं, विधवेची गोष्ट वाचली न्हाईस का तू?"

ती गोष्ट लूककृत शुभवर्तमानातली. एक न्यायाधीश होता, देवाला न भिणारा, माणसाला न मोजणारा. एक विधवा रोज त्याच्या दारी जाऊन न्याय मागायची. शेवटी तिच्या कटकटीला वैतागून त्यानं न्याय दिला. येशूनं ही गोष्ट सांगितली ती प्रार्थना सोडू नका हे शिकवायला. प्रवचनात ती प्रार्थनेपाशीच संपते. मामीनं ती कचेरीपर्यंत नेली. तिच्या लेखी हेलपाटा हीच प्रार्थना होती. दाखला तिला मिळाला नाही, कारण कायद्यातच तो नव्हता. पण कुठल्याही पंडितानं केलं नाही असं त्या गोष्टीचं वाचन या चौथी शिकलेल्या बाईनं केलं, आणि ते मराठी ख्रिस्ती वाङ्मयात कुठंच छापलेलं नाही.

मी बौद्ध आहे. मामीच्या देवाचा पत्ता मला लागलेला नाही आणि मी तो शोधतही नाही. बाबासाहेबांनी आपल्याला वर बघायचं सोडून स्वतःकडं बघायला शिकवलं. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात त्यांनी ख्रिस्ती लोकांपुढं भाषण केलं. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनीच आपल्या मनाची पकड घेतली असं म्हणणारा हा माणूस, पण चर्चमध्ये घुसलेल्या जातीवर आणि ख्रिस्ती लोकांच्या राजकारणातल्या गप्प बसण्यावर त्यांनी तिथंच बोट ठेवलं. धर्म बदललेल्यांच्या हालतीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलंय, ते सरकारी खंडांतल्या पाचव्यात १९८९ ला छापून आलं. त्यांचा आक्षेप असा की माणसाची अधोगती त्याच्या पापामुळं झाली असं सांगितलं की ती करणारी समाजव्यवस्था सुटते. या आक्षेपाला मराठी ख्रिस्ती साहित्यानं उत्तर दिलं पाहिजे. एक उत्तर आलं. महाराष्ट्रातलेच अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगलोरच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात नव्या विचाराला तोंड फोडलं, पुढं त्याला दलित धर्मशास्त्र म्हणू लागले. दुःख भोगणारा, सेवा करणारा, हाकलून दिलेला देव हा दलितांच्या बाजूचाच, अशी त्यांची मांडणी. पण ती इंग्रजीत झाली. मामीपर्यंत ती कशी पोचणार?

आता कुणी आपल्यातला म्हणेल, बौद्ध माणसानं ख्रिस्ती भरवशाची उठाठेव कशाला करायची? करायची, कारण तो माणूस आपला आहे. देव वेगळा झाला म्हणून पाठीवरचा वळ वेगळा होत नाही. आणि विद्रोह फक्त देव नाकारूनच होतो असं मानणंही एक सोवळंच. क्रुसावर टांगलेल्या माणसानं मरताना देवाला विचारलं, तू मला का टाकलंस? ख्रिस्ती धर्माच्या ऐन मध्यात हा सवाल ठोकलेला आहे. तो विचारणाऱ्याला अविश्वासी म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मग वस्तीतल्या बाईनं तोच सवाल केला की तिचा विश्वास कमी कसा पडतो?

म्हणून मराठी ख्रिस्ती संपादकांना, कवींना, धर्मगुरूंना माझं मागणं आहे. टिळकांचे अभंग गा, जरूर गा. पण एका रविवारी मुक्ता साळवेचा निबंध मोठ्यानं वाचा, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुठं न गाळता. तो तुमच्याच पत्रात छापलेला आहे. वाचून झाल्यावर लोकांना सांगा, आता तुमचं बोला. आणि जे बोलतील ते लिहून घ्या, जसंच्या तसं, शुद्धलेखन न सुधारता. तेवढं केलंत तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचं पुढचं पुस्तक तयार होईल, आणि मी ते माकुणसारहून एस.टी. धरून घ्यायला येईन.